बाजारांतला मध आणि घरांतली पारख

मध ही वस्तु आमच्या घरांत जितकी पूज्य आहे तितकीच अपरिचित आहे. पूजेच्या पंचामृतांत ती लागते, दारीं आलेल्या वराच्या मधुपर्कांत लागते, खोकल्याच्या चाटणांतहि लागते. तथापि तो मध कोणत्या माशीनें केला, कोणत्या झाडाच्या फुलांतून आला, कोणत्या महिन्यांत पोळ्यांतून निघाला, असें विचारलें तर दहा घरांपैकीं नऊ घरांत उत्तर मिळावयाचें नाहीं. तांदूळ आंबेमोहोर कीं कोलम, हें आमच्या गृहिणी दाणा दांताखालीं धरून सांगतात. आंबा कोठला हें नुसत्या वासावरून ओळखतात. मधाच्या बाबतींत मात्र हीच चोखंदळ मंडळी बाटलीवरील चित्र पाहून समाधान मानतात.

या विषयावर चार शब्द लिहिण्याचें कारण असें कीं, अलीकडे शहरांतून शेतकऱ्यांचे आठवडे बाजार भरूं लागले आहेत. राज्याच्या कृषि पणन मंडळानें २०१६ सालीं संत सावता माळी यांच्या नांवानें ही योजना हातीं घेतली. शेतकऱ्यानें आपला माल मध्यस्थावांचून ग्राहकाच्या हातीं द्यावा, हा तिचा हेतु. या बाजारांत भाजी, कडधान्यें, गूळ यांच्या ओळींत एखादा मधवालाहि बसलेला दिसतो. त्याच्या बाटल्या निरनिराळ्या रंगांच्या, चिठ्ठ्या साध्या, आणि भाव दुकानांतल्या भावाहून बहुधा अधिक. त्याच्याकडून मध घ्यावा कीं न घ्यावा, आणि घ्यावा तर पारखावा कसा, हा प्रश्न आम्हांस ओळखीच्या अनेक घरांतून विचारला जातो. आमचें उत्तर थोडक्यांत असें आहे : घरीं बसून मधाची पारख करतां येत नाहीं, विकणाऱ्याची मात्र करतां येते, आणि तीच खरी उपयोगाची आहे. हें उत्तर पटावें म्हणून आधीं मध म्हणजे काय हें थोडें पाहिलें पाहिजे.

मध कसा होतो

फुलांतील मकरंद हें एक पातळ साखरपाणीच असतें. कामकरी माशी तें आपल्या पोटांतल्या मधपिशवींत भरून पोळ्यांत आणते. तेथें तें एका माशीच्या तोंडांतून दुसरीच्या तोंडांत असें फिरतें, त्यांत माश्यांच्या ग्रंथींतील पाचक द्रव्यें मिसळतात, आणि मकरंदांतल्या उंसाच्या साखरेसारख्या साखरेचे द्राक्षशर्करा व फलशर्करा असे दोन भाग होतात. मग माश्या पंखांनीं वारा घालून त्यांतलें पाणी उडवितात. पाण्याचा अंश सुमारें पांचव्या हिश्श्यावर उतरला म्हणजे त्या घरावर मेणाचें झांकण बसतें. मध पिकल्याची ही खूण माशीनें स्वतः दिलेली असते, आणि जाणता मधपाळ तीच पाहून मध काढतो.

पिकलेल्या मधांत शेंकडा ऐंशींच्या आसपास साखरा असतात, सतरा ते वीस पाणी असतें, आणि उरलेल्या अल्प अंशांत आम्लें, खनिजें, परागकण व सुगंधी द्रव्यें असतात. एका मधाचा दुसऱ्याहून जो निराळेपणा आपल्या जिभेस कळतो तो मुख्यतः या अल्प अंशामुळें. एक कामकरी माशी आपल्या उण्यापुऱ्या सहा आठवड्यांच्या आयुष्यांत चहाच्या चमच्याच्या बाराव्या हिश्श्याइतका मध करते, असा एक ठोकळ हिशेब सांगतात. त्या हिशेबानें पंचामृतांत पडणारा एक चमचा मध म्हणजे बारा माश्यांचा जन्मभराचा उद्योग झाला.

सुश्रुतानें मधाचे आठ प्रकार सांगितले आहेत : पौत्तिक, भ्रामर, क्षौद्र, माक्षिक, छात्र, आर्घ्य, औद्दालक आणि दाल. हे भेद बहुतांशीं मध करणाऱ्या कीटकाच्या जातीवरून केलेले आहेत, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. कोणत्या माशीचा मध, हा प्रश्न आमच्या पूर्वजांस प्रथम सुचत असे. तो आम्हांस सुचेनासा झाला, इतकेंच.

आपल्याकडील माश्या मुख्यतः चार समजाव्या. आग्या माशी मोठी व तापट. ती उंच कड्यास अगर झाडाच्या फांदीस एकच भलें मोठें उघडें पोळें लावते, आणि तिला पेटींत पाळतां येत नाहीं. फुलोरी माशी लहान. तिचें पोळें झुडपांत तळहाताएवढें, आणि मध अगदीं थोडा. सातेरी माशी झाडाच्या ढोलींत, अंधारांत, एकापाठीमागें एक अशीं अनेक पोळीं बांधते. तिला अंधाराची संवय असल्यामुळें ती लांकडी पेटींत नांदते. चौथी युरोपीय माशी. ती १९६२ सालीं तेव्हांच्या पंजाबांतील व आतांच्या हिमाचल प्रदेशांतील नगरोटा येथें आणून यशस्वीपणें स्थिर करण्यांत आली. सातेरीच्या एका पेटींतून वर्षाकाठीं साधारणतः पांच ते दहा किलो मध मिळतो. युरोपीय माशीच्या पेटींतून त्याच्या कितीतरी पट. ही युरोपीय माशी मोहरीच्या व सूर्यफुलाच्या विस्तीर्ण शेतांत चांगली चालते, तिच्या पेट्या वाहनांतून गांवोगांव नेतां येतात, आणि म्हणून तिचा मध स्वस्त पडतो. दोघींचाहि मध खराच. परंतु सह्याद्रींतल्या सातेरीचा मध त्याच भावांत मिळावा, अशी अपेक्षा धरणें हिशेबास धरून नाहीं.

डोंगरांतील हंगाम

महाबळेश्वर आणि जावळीचें खोरें हें आपल्या प्रांतांतील मधाचें माहेर म्हटलें तरी चालेल. राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचें मध संचालनालय महाबळेश्वरास आहे, तेथील मधपाळांची सहकारी सोसायटी कित्येक दशकें काम करीत आहे, आणि त्याच तालुक्यांतील मांघर हें गांव २०२२ सालीं ‘मधाचें गांव’ म्हणून जाहीर झालें. पुण्यास १९६२ पासून मधमाश्यांचें केंद्रीय संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. म्हणजे या विषयाची विद्या आपल्या दाराशीं आहे.

या डोंगरांत मध बाराहि महिने निघत नाहीं. उन्हाळ्याच्या तोंडाशीं जांभूळ फुलते, पुढें हिरडा व गेळा येतात, आणि त्या दोन-तीन महिन्यांत मुख्य पीक हातीं येतें. मग पाऊस. त्या काळांत माश्यांस बाहेर पडतां येत नाहीं, आणि पेटी जगविणें हेंच काम होऊन बसतें. पाऊस ओसरतां ओसरतां कांहीं वर्षीं कारवीचा किंवा व्हायटीचा बहर येतो. कारवी सात-आठ वर्षांतून एकदांच डोंगरभर फुलते, आणि त्या वर्षीचा तिचा मध पुढें तितकींच वर्षें दृष्टीस पडत नाहीं.

या कारवीची एक गोष्ट मोठी बोधप्रद आहे. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानें मधाचीं जीं मानकें ठरविलीं आहेत त्यांत उंसाच्या साखरेचा अंश शेंकडा ५ पेक्षां अधिक नसावा असा नियम आहे. परंतु कारवीच्या मधास तेथें नांव घेऊन सवलत दिली आहे. त्यास शेंकडा १० पर्यंत मुभा आहे. कारण त्या फुलाचा मध निसर्गतःच तसा असतो. शासनाच्या कोष्टकासहि जर झाड विचारावें लागतें, तर आमच्या स्वयंपाकघरांतील पेलाभर पाण्यानें सगळ्या मधांचा एकच निवाडा कसा व्हावा?

पेल्यांतली परीक्षा

हा पेलाभर पाण्याचा विषय आम्हीं मुद्दाम काढला. गेल्या थंडींत आमच्या पेठेच्या आठवडे बाजारांत जावळीकडील एक मधवाला बसला होता. शेजारच्या वहिनी आमच्या बरोबर होत्या. त्यांनीं एक बाटली उचलली, उजेडांत धरली, आणि तळाशीं रवा बसलेला पाहून त्या म्हणाल्या, “अहो, ही तर सरळ साखर दिसते आहे! पाक घातला आहे तुम्हीं.”

“न्हाई काकू,” तो म्हणाला, “थंडीनं थिजलाय त्यो. कोमट पाण्यांत बाटली ठेवली का सुटतो बगा.”

वहिनींचें समाधान झालें नाहीं. त्यांनीं शेजारच्या भाजीवालीकडून पेलाभर पाणी घेतलें व त्यांत चमचाभर मध सोडला. तो तळाशीं जाऊन हळूहळू पसरूं लागला. “पाहिलेंत?” असें म्हणून त्यांनीं बाटली परत ठेवली. भोंवतीं चार-पांच गिऱ्हाइकें उभीं होतीं. त्यांतलीं दोघें पुढें सरकलीं.

तो मनुष्य रागावला नाहीं. हळूच म्हणाला, “काकू, पटत नसंल तर घेऊं नका. पन साखर घातली असं बोलूं नका. समदी ऐकत्यात.”

त्याच्या त्या वाक्यांत जें आहे तें आम्हांस फार महत्त्वाचें वाटतें. ज्याच्याजवळ जाहिरात नाहीं, मोठें दुकान नाहीं, त्याची सारी पुंजी म्हणजे त्याचा शब्द. ती पुंजी चुकीच्या परीक्षेनें भर बाजारांत बुडवावी, हा अन्याय आहे. वहिनी मनानें अत्यंत सरळ आहेत. त्यांनीं जें केलें तें लहानपणापासून ऐकलेल्या परीक्षेवर विश्वास ठेवून केलें. म्हणून त्या परीक्षांचेंच मोल तपासलें पाहिजे.

पाण्याची परीक्षा घ्या. मध तळाशीं गोळा होऊन बसला तर खरा, पसरला तर खोटा, असें म्हणतात. वास्तविक तळाशीं बसणें हा दाटपणाचा गुण आहे. साखरेचा दाट पाकहि तसाच बसेल. आणि सातेरीचा मध, ज्यांत पाण्याचा अंश स्वभावतःच थोडा अधिक असतो, तो खरा असूनहि लवकर पसरेल. वात मधांत बुडवून पेटविणें, टीपकागदावर थेंब ठेवणें, आंगठ्याच्या नखावर थेंब ठेवून तो ओघळतो कीं नाहीं हें पाहणें, या साऱ्या परीक्षा शेवटीं पाण्याचा अंश किंवा दाटपणाच मोजतात. साखर कोठून आली हें त्यांस कळत नाहीं. खऱ्या मधास मुंग्या लागत नाहींत, हा समज तर मुंग्यांस ठाऊकच नसावा.

आतां रव्याविषयीं. मधांतील द्राक्षशर्करा पाण्यांत जितकी विरघळून राहावयाची त्याहून अधिक असली, कीं ती कणरूपानें खालीं बसते. कोणत्या फुलाचा मध यावर हें अवलंबून आहे. मोहरीचा मध थोड्याच आठवड्यांत लोण्यासारखा घट्ट होतो. सूर्यफुलाचाहि लवकर थिजतो. कांहीं मध वर्षभर पातळ राहतात. थंडींत ही क्रिया वेगानें होते. म्हणून रवा बसणें हा मधाचा स्वभाव आहे, दोष नव्हे. उलट मोठ्या कारखान्यांतून मध तापवून व अतिसूक्ष्म गाळणींतून काढून जो भरला जातो तो फार दिवस आरशासारखा स्वच्छ दिसतो, आणि आमचे डोळे त्यासच शुद्ध समजूं लागतात.

भेसळीचें खरें रूप

यावरून भेसळ होतच नाहीं असें कोणी समजूं नये. ती होते, आणि फार हुशारीनें होते. ऊंस व मका यांच्या साखरेंतील कर्बाच्या अणूंची ठेवण बहुतेक फुलझाडांच्या साखरेहून निराळी असते. त्यामुळें त्यांची भेसळ प्रयोगशाळेंत पकडतां येते. हें कळल्यावर भेसळ करणारे तांदूळ व बीट यांच्या पाकाकडे वळले, कारण त्यांची ठेवण फुलांसारखीच असते. दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्रानें डिसेंबर २०२० मध्यें आपल्या देशांतील १३ छापांचे मध तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. केंद्रकीय चुंबकीय अनुनाद या तत्त्वावरील सूक्ष्म परीक्षा धरून सर्व परीक्षांत त्यांपैकीं अवघे ३ उतरले. कांहीं उत्पादकांनीं हे निष्कर्ष मान्य केले नाहींत, हेंहि सांगितलें पाहिजे. परंतु ज्या पाकाचा पत्ता लावण्यास शास्त्रज्ञांस एवढें थोर यंत्र लागतें, तो पेल्यांतल्या पाण्यानें कळेल हें संभवत नाहीं, इतकें तरी या प्रकरणावरून निर्विवाद ठरतें.

अर्थात् मोठ्या छापाची बाटली खोटी आणि बाजारांतल्या शेतकऱ्याची खरी, असा उलटा अंधविश्वासहि उपयोगाचा नाहीं. रस्त्याच्या कडेला बादलींत पोळ्याचा तुकडा तरंगत ठेवून “आतांच तोडला” म्हणून मध विकणारे पुष्कळ असतात. जुनें पोळें पाकांत बुडविणें कांहीं अवघड नाहीं. मग गृहस्थानें करावें काय? त्यानें प्रश्न विचारावे.

विकणाऱ्यास काय विचारावें

पहिला प्रश्न : माशी कोणती? ज्यानें पेट्या पाळल्या आहेत तो क्षणाचाहि विलंब न लावतां उत्तर देतो, आणि बहुधा न विचारतां आणखी चार गोष्टी सांगतो.

दुसरा : कोणत्या महिन्यांतला, आणि तेव्हां रानांत काय फुललें होतें? माशी पेटीपासून एक-दीड किलोमीटरच्या टापूंत हिंडते व जें भरपूर फुललें असेल त्यावर जाते. तिला अमुकच फुलावर जा असें सांगतां येत नाहीं. म्हणून जांभळाचा मध म्हणजे जांभूळ बहरांत असतां काढलेला, मुख्यतः जांभळाचा मध. तो किंचित् कडवट लागतो. ज्याच्याजवळ तुळशीचा, कडुलिंबाचा, ओंव्याचा, जांभळाचा असा हरएक मध बाराहि महिने एकाच रंगाचा मिळतो, त्यास नमस्कार करून पुढें जावें.

तिसरा : मध कसा काढला? पेटींतल्या चौकटी मधयंत्रांत ठेवून फिरविल्या म्हणजे मध बाहेर उडतो व पोळें जसेंच्या तसें राहतें. तें परत पेटींत ठेवलें कीं माश्या पुन्हां भरूं लागतात. जुनी रीत पोळें पिळण्याची. तींत अंडीं, अळ्या, पराग सारें चिरडून मधांत उतरतें. असा मध गढूळ दिसतो व लवकर आंबतो. आग्या मोहोळाच्या बाबतींत तर रात्रीं पलिता लावून साऱ्या माश्या जाळण्याची दुष्ट चाल कित्येक ठिकाणीं होती. सुधारलेल्या रीतींत धूर देऊन माश्यांस बाजूस करतात, पोळ्याचा मध भरलेला भागच तेवढा कापतात आणि पिल्लांचा भाग तसाच ठेवतात. ज्या मधासाठीं एक अख्खें घर जाळलें तो देवापुढें ठेवण्यास आमचें तरी मन घेत नाहीं.

चौथा : घरें झांकलीं गेल्यावर काढला कीं आधींच? पोळ्याचा निदान तीन चतुर्थांश भाग मेणानें झांकला गेला असावा. घाईनें काढलेला कच्चा मध आंबतो.

पांचवा प्रश्न थोडा नाजूक आहे : पावसाळ्यांत माश्यांस साखरेचा पाक देतां का? या प्रश्नास “होय” असें उत्तर आलें तर दचकूं नये. पावसांत रानांत फूल नसतें, माश्या उपाशी मरतात किंवा पेटी सोडून जातात. म्हणून मधपाळ त्यांस पाक पाजतो. फुलांचा हंगाम लागण्यापूर्वीं तो बंद केला म्हणजे झालें. “होय, श्रावण-भाद्रपदांत देतों, मग बंद करतों,” असें जो मोकळेपणानें सांगतो त्याच्यावर आम्ही अधिक विश्वास ठेवूं.

शेवटचा : पेट्या कोठें आहेत, आणि पाहावयास येऊं का? दहांपैकीं नऊ गिऱ्हाइकें जाणार नाहींत हें खरें. पण आमंत्रण देतांना मनुष्याचा चेहरा कसा होतो यावरून पुष्कळ समजतें. शक्य असेल तर मुलांस घेऊन एकदां अवश्य जावें. बाटलीवर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी नोंदणी क्रमांक, मध भरल्याची तारीख आणि गांवाचें नांव आहे कीं नाहीं, हेंहि पाहावें. तो क्रमांक शुद्धतेची हमी नव्हे. परंतु विकणारा आपलें नांव-गांव लपवीत नाहीं एवढें त्यावरून कळतें.

घरीं आणल्यावर

मध कांचेच्या बरणींत, घट्ट झांकणाखालीं ठेवावा. तो हवेंतील ओल शोषून घेतो. म्हणून चमचा कोरडा असावा. शीतपेटींत ठेवण्याचें कारण नाहीं. तेथें तो उलट लवकर थिजतो. थिजलाच तर बरणी कोमट, हातास सोसेल अशा पाण्यांत ठेवावी. चुलीवर ठेवूं नये. तापविलेला मध चरकानें निषिद्ध मानला आहे. आजचें रसायनशास्त्र निराळ्या मार्गानें तापविण्याच्या विरुद्धच बोलतें : उष्णतेनें मधांतील पाचक द्रव्यें नष्ट होतात, सुगंध जातो, आणि साखरेपासून एक नको असलेलें द्रव्य वाढतें, ज्याची मर्यादा मानकांत ठरवून दिलेली आहे. फेंस येऊन आंबट वास येत असेल तर मध आंबला असें समजावें व वापरूं नये.

मधुमेही माणसांनीं मध म्हणजे साखर नव्हे अशी स्वतःची समजूत घालूं नये. त्यांत साखराच आहेत, हें वर आलेंच आहे. तसेंच आपल्या भागांतला मध खाल्ल्यानें शिंका व सर्दीचा विकार जातो असें कांहीं लोक ठामपणें सांगतात. त्यास भरंवशाचा शास्त्रीय आधार मिळालेला नाहीं. घशास आराम पडतो एवढें म्हणावें आणि पुरे करावें.

यापुढील गोष्ट मात्र एकत्र कुटुंबांतील प्रत्येक आजीनें, आत्यानें व मावशीनें मन घट्ट करून वाचावी. एक वर्ष पुरें न झालेल्या मुलास मध चाटवूं नये. मधांत बोट्युलिनम नांवाच्या जंतूचीं बीजें असूं शकतात. मोठ्यांच्या आंतड्यांत तीं रुजत नाहींत. तान्ह्याच्या आंतड्यांत रुजतात, विष करतात, आणि मूल लुळें पडतें. दूध ओढेनासें होतें, रडणें क्षीण होतें, श्वासहि अडतो. ही व्याधि विरळा आहे, पण जीवघेणी आहे. मध अगदीं शुद्ध, आपल्या डोळ्यांदेखत काढलेला असला तरी यांत फरक पडत नाहीं, आणि घरच्या चुलीवर तापवूनहि तीं बीजें मरत नाहींत.

आमच्या परिचयाच्या एका घरांत यावरूनच मोठा पेंच पडला. नातू झाला, आजीबाईंनीं सोन्याची अंगठी, मध आणि तूप काढून ठेवलें, सूनबाईंनीं डॉक्टरांचें सांगणें पुढें केलें. दोघींचा अबोला झाला, आणि संस्कृत जाणणारा म्हणून निवाडा आमच्याकडे आला. आम्हीं सांगितलें कीं, जातकर्मांत मधु व घृत सुवर्णानें चाटविण्याचें विधान गृह्यसूत्रांत आहे, हें खरें. परंतु तें कर्म बालकाच्या मेधेसाठीं व दीर्घ आयुष्यासाठीं सांगितलें आहे. जें आयुष्यासाठीं सांगितलें त्यानेंच आयुष्यास धोका पोहोंचत असेल, तर हेतु राखावा आणि द्रव्य सोडावें. सोन्याची अंगठी बाळाच्या ओठांस नव्हे तर कपाळास लावावी, आशीर्वाद तोंडभर द्यावा, आणि चाटवावयाचें असेल तर आईच्या दुधावांचून कांहीं चाटवूं नये. आजीबाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “मध उष्टावणाला ठेवूं म्हणतां?” आम्हीं म्हटलें, “पहिल्या वाढदिवसाला ठेवा.” त्यांनीं बरणी फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवून दिली.

भावाविषयीं दोन शब्द

शेवटीं भावाची गोष्ट. आमच्या घरांतून मेथीच्या जुडीस घासाघीस होते, तशीच मधासहि होते. ती करण्यापूर्वीं एक हिशेब मनांत करावा. सातेरीच्या वीस पेट्या बाळगणाऱ्यास चांगल्या वर्षीं शंभर ते दोनशें किलो मध मिळेल. त्यांतून पेट्यांची डागडुजी, पावसाळ्यांतली साखर, मेणकिड्यानें खाल्लेलीं पोळीं, उडून गेलेल्या वसाहती, बाटल्या आणि शहरापर्यंतचें भाडें वजा करावें. उरेल तें त्याचें वर्षाचें उत्पन्न. आपण जेव्हां भाव त्याखालीं ओढतों तेव्हां त्याच्यापुढें दोनच वाटा उरतात : पेट्या विकून मजुरीस जाणें, किंवा बाटलींत पाक घालणें. भेसळीचा अर्धा वांटा असा गिऱ्हाइकाच्या हट्टांतून जन्मास येतो.

आणि त्या माश्या नुसता मधच देतात असें नाहीं. डाळिंबाच्या बागेंत, कांद्याच्या बियाण्यांत, सूर्यफुलाच्या शेतांत त्यांच्या फेऱ्यांनीं फळ धरतें व दाणा भरतो. डोंगरांतला जांभूळ व हिरडा उभा राहावा असें ज्यास मनापासून वाटतें असा मनुष्य म्हणजे तेथील मधपाळ. कारण झाड तुटलें कीं त्याचें पीक बुडालें. त्याच्या बाटलीची रास्त किंमत देणें म्हणजे त्या रानाचीहि राखण करणें होय.

म्हणून आमची गृहस्थाश्रमी वाचकांस सूचना इतकीच आहे. वर्षाच्या मधासाठीं एक माणूस धरावा. त्याच्याकडून हंगामांत, वैशाखाच्या सुमारास, घरास पुरेल एवढा मध एकदम घ्यावा. पहिल्या वर्षीं एकच लहान बाटली घ्यावी, चव लक्षांत ठेवावी, आणि पुढील वर्षीं त्याच झाडाचा मध मागून ताडून पाहावा; एकाच हाताच्या मधाची दोन-तीन वर्षांची ओळख झाली म्हणजे जीभ आपोआप जाणती होते. बरणीवर महिना, झाड आणि गांव यांचीं नांवें चिठ्ठीवर लिहून चिकटवावीं. तें काम घरांतल्या ज्या मुलाचें अक्षर चांगलें असेल त्याजकडे द्यावें. पंचामृत करतांना तें मूल ती चिठ्ठी मोठ्यानें वाचील, आणि आपल्या ताटांत कोणत्या डोंगरावरचें काय आलें आहे हें सगळ्यांच्या कानांवर पडेल.